बोका जेवत नाही

चष्मेवाल्या काकांच्या कुत्र्याचं नाव बोका. पिल्लू असताना तो पाय न वाजवता चालायचा आणि दूध पिताना डोळे मिटून घ्यायचा, म्हणून काकूंनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. रस्त्यात काकांनी "बोक्या, चल" अशी हाक मारली की नवखी माणसं मांजर शोधायला गाड्यांखाली वाकायची. मग हा तांबूस, जाडजूड, मागच्या पायाने किंचित लंगडणारा अकरा वर्षांचा कुत्रा बाहेर यायचा आणि माणसं काकांकडे जरा संशयाने बघायची.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दोन्हीकडे फक्त काका आणि बोका. काका भिंगं घासायचे, फ्रेमच्या काड्या गरम करून गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट बसतील अशा वाकवायचे. बोका तपासणीच्या खुर्चीखाली पसरलेला असायचा. काका मुळात मोजकं बोलणारे. "वरची ओळ वाचा. आता खालची. हे बरं की ते बरं?" एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा.

एका दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली. आम्ही दोघी ठीक आहोत."

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वा," ते म्हणाले. "वा वा."

"मग कधी येताय?"

"यायचं तर आहेच गं ठके. पण बोक्याला कोण बघणार?"

लेक सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. चौदा तासांची गाडी. तिथेच तिचं लग्न ठरलं, तिथेच घर झालं. लग्न इकडे येऊन केलं म्हणून काकांना जावं लागलं नाही. नवीन घर बघायला ती बोलवत राहिली तेव्हा बोक्याचा पाय दुखत होता. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा बोक्याचं पोट बिघडलं होतं. दर वेळी तेच. या वेळी मात्र ती चिडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, त्याला घेऊन या, नाहीतर कुठेतरी ठेवून या. आजोबा व्हायचंय ते तुम्हाला, त्याला नाही."

काका दुसऱ्या दिवशी बोक्याला घेऊन प्राण्यांच्या वसतिगृहात गेले. जागा झकास होती. प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली, खेळायला हिरवळ, एका भिंतीवर चक्क टीव्ही. टेबलामागच्या मुलीने चार पानी अर्ज पुढे केला. आवडता खेळ, कशाची भीती वाटते, झोपताना पांघरूण लागतं का. आपल्या लग्नाच्या वेळीही कुणी आपल्याला इतकं विचारलं नव्हतं, असं काकांच्या मनात आलं.

"जेवताना काही विशेष सवय?" मुलीने विचारलं.

"नाही, नाही," काका घाईने म्हणाले. "काही नाही."

बोक्याने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही ते नाहीच. बसकण मारली आणि सगळा भार जमिनीला दिला. मुलगी म्हणाली, दोन दिवसांत रुळेल. काका म्हणाले, "नको, त्याची इच्छा नाही," आणि जवळजवळ आनंदाने घरी आले. प्रयत्न केला, आता कुणी बोल लावणार नाही.

वाटेत केस कापायला म्हणून ते सलूनमध्ये शिरले. तिथे सगळं बिघडलं.

सलूनवाला पंचेचाळिशीचा, हसरा, भरपूर बोलणारा माणूस. काका गप्प बसायचे आणि तो दोघांच्या वाटचं बोलायचा. हा सौदा वीस वर्षं चालू होता. काकांनी वसतिगृहाची हकिगत सांगितली तसा तो कात्री थांबवून म्हणाला, "मग इथे ठेवा की! त्यात काय एवढं? दिवसभर माणसं असतात. मागे आमच्या दोन खोल्या आहेत. हिलाही कुत्री आवडतात."

काका आरशात स्वतःकडे बघत राहिले. मानेभोवती पांढरं कापड, अर्धे केस कापलेले. पळून जायला जागा नव्हती.

"तुला त्रास होईल," ते म्हणाले.

"मला माणसांचा त्रास होतो काका, कुत्र्यांचा कसला?"

बोका तोवर आत येऊन फिरत्या खुर्चीच्या पायाशी, कापलेल्या केसांच्या ढिगावर जाऊन झोपलाही होता. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं फितूर झालेल्या माणसाकडे बघतात.

या सलूनवाल्याचं एक गुपित होतं आणि ते काकांना ठाऊक होतं. सलूनमध्ये रोज पेपर यायचा, पण तो स्वतः कधी वाचायचा नाही. "हातात कात्री आहे, तुम्हीच वाचून दाखवा," असं गिऱ्हाइकाला म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी तो दुकानात आला होता. "काका, अक्षरं हलतात. डोळे गेले वाटतं." काकांनी तक्त्यासमोर बसवलं. सुटी अक्षरं त्याने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड ओळखली. मग काकांनी वाचायचं कार्ड हातात दिलं, चार ओळींचा मजकूर. पहिल्याच जोडाक्षरापाशी तो अडला, घाम पुसला आणि म्हणाला, "बघा, हलतंय." काकांनी कार्ड काढून घेतलं. "थोडा नंबर आहे," ते म्हणाले आणि साध्या काचांचा एक छान चष्मा करून दिला. तेव्हापासून सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून, पेपर उघडून ऐटीत बसायचा. काकांनी हे ना काकूंना सांगितलं, ना कुणाला.

निघायच्या दिवशी काकांनी बोक्याचं सामान सलूनमध्ये पोहोचवलं. भांडं, अंथरूण, दुखऱ्या पायाच्या गोळ्या. अर्धी गोळी सकाळी, उकडलेल्या बटाट्यात लपवून. "कान ओले राहू देऊ नकोस. जिना चढायला लावू नकोस. मोटरसायकल दिसली की भुंकेल, चावणार नाही."

"काका, गाडी चुकेल."

"आणि जेवायला..." काका थांबले.

"काय जेवायला?"

"काही नाही. देशील ते खाईल."

बोक्याने काकांना दारापर्यंत सोडलं आणि उंबऱ्यावर बसून रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिला.

*

लेकीच्या घरी काका पाहुण्यासारखे बसले. खुर्चीच्या कडेला, हात गुडघ्यांवर. जावई भला माणूस, पण त्यालाही बोलणं सुचेना. सकाळी "झोप झाली का?" आणि संध्याकाळी "आज ऊन होतं" एवढं झालं की दोघंही सुटायचे. बाळ मात्र काकांकडे चांगलं राहायचं. काका तिला दोन्ही हातांत धरायचे, नवीन भिंग धरावं तसं, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून जपून. लेक आतल्या खोलीतून ते बघायची.

रोज सकाळी साडेनऊला ते सलूनमध्ये फोन लावायचे.

"खाल्लं का?"

"चाटूनपुसून! भांडं धुवायला लागत नाही."

"गोळी?"

"बटाट्यासकट."

"पाय कसा आहे?"

"काका, तुमच्यापेक्षा बरा आहे."

फोन झाला की लेक हसायची. "बाबा, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं." काकाही हसायचे, पण मनात कुठेतरी दुखायचं. चाटूनपुसून खातो म्हणे. अकरा वर्षांची सोबत, आणि याला चार दिवसांत आपली आठवणही नाही!

खरं म्हणजे बोक्याने पहिल्या दिवसापासून भांड्याला तोंड लावलं नव्हतं. सलूनवाल्याच्या बायकोने अंडं उकडून दिलं, दूध-पाव दिला, मटणाचा रस्सा केला. बोका भांड्यापाशी जायचा, बसायचा, मान वर करून माणसाच्या तोंडाकडे बघायचा, कशाची तरी वाट बघत. मग उठून अंथरुणावर जायचा. दिवसाकाठी दोन घोट दूध, बस्स. पाचव्या दिवशी त्याला उभं राहताना भिंतीचा आधार लागला, तेव्हा सलूनवाल्याचं धाबं दणाणलं. दुकानाला कुलूप लावून त्याने बोक्याला उचललं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, छातीला नळी लावली. "आजार काही नाही. भांड्याजवळ जातो म्हणता, म्हणजे भूक आहे. घरी जेवताना काहीतरी होत असणार, ते इथे होत नाहीये. मालकांना विचारा."

"मालक नातीला बघायला गेलेत हो. सहा वर्षांनी गेलेत."

"मग? हा आणखी चार दिवस असा राहिला तर त्यांना परत यावंच लागेल."

सहाव्या दिवशी साडेनऊच्या आधीच फोन वाजला. काकांच्या मांडीवर बाळ होतं, म्हणून लेकीने स्पीकर लावून फोन त्यांच्याजवळ ठेवला.

"काका, एक विचारू? हा घरी जेवतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? बसतो."

"नुसते बसता?"

"हो."

"नीट आठवा. काही गुणगुणता का? काही बोलता?"

काकांचा आवाज चढला. "का? जेवत नाही का तो?"

पलीकडून कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अरे, मग रोज चाटूनपुसून काय सांगत होतास? खोटं कशाला बोललास माझ्याशी?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मिळेल त्या गाडीने परत आला असता म्हणून!"

काका बाळाच्या टोपीची नाडी उगाच नीट करत राहिले. मग चोरी पकडल्यासारखे हळूच म्हणाले, "वाचतो."

"काय?"

"पेपर. मोठ्याने वाचतो. त्याचं जेवण होईपर्यंत."

सलूनवाला हसला नाही. "कुठल्या बातम्या?"

"बातम्या नाहीत. शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिराती. खोली भाड्याने देणे आहे, जुनं कपाट विकणे आहे, असल्या. बातम्या तिला नको असायच्या, त्यांनी जीव घाबरा होतो म्हणायची."

"बरं, बघतो," म्हणून सलूनवाल्याने फोन ठेवला.

लेक हातात दुपटं घेऊन तिथेच उभी होती. "तिला म्हणजे आईला?"

काकांनी बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं.

"आईला कशाला वाचून दाखवत होता? ती स्वतः वाचायची की. कोडं सोडवायची."

आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि मांडीवर बाळ असल्यामुळे उठून जाताही येत नव्हतं. काकांनी सांगितलं. काचबिंदू. शेवटचं दीड वर्ष काकूंना काही दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार, एवढंच. सकाळी काका वाचायचे, काकू ऐकायच्या आणि शेजारी बोका जेवायचा; त्या गेल्यावर ऐकायला बोका उरला.

"कमी दिसतं म्हणाला होतात तुम्ही!" लेक म्हणाली. "मी मध्ये दोन दिवस आले होते. समोर बसून भाजी चिरत होती ती."

"घर पाठ होतं तिला. सुरी पाठ होती. तू यायच्या आधी आठ दिवस सराव केला होता."

"मी फोनवर तिला हे घर दाखवलं. खोली न् खोली. पडदे बघून म्हणाली होती, निळा रंग छान आहे गं, उजेड थंड येईल."

"मी शेजारी बसून सांगायचो. कानात."

लेक खाली बसली. मग म्हणाली, "का?"

"तिने शपथ घातली होती. तुझी नोकरी नवी होती. कळलं असतं तर सगळं टाकून आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच."

"आत्ता त्या सलूनवाल्यावर ओरडलात ना, खोटं का बोललास म्हणून? त्याने तुमच्याशी पाच दिवस केलं, ते तुम्ही दोघांनी माझ्याशी दीड वर्ष केलंत."

काकांनी मान हलवली. खरं होतं. आणि एकदा बांध फुटल्यावर मागचंही पाणी आलं. "ठके, मी तिचा नंबर दर वर्षी काढायचो. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची ती. या आजारात समोरचं बरेच दिवस शाबूत राहतं, कडेचं जातं. दाराला धडकायची, कपाटाचा कोपरा लागायचा, मी म्हणायचो, किती वेंधळी आहेस. डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. लोकांचे डोळे तपासून चाळीस वर्षं पोट भरलं, आणि घरात दिव्याखाली अंधार. तू विचारलं असतंस, बाबा, तुम्हाला कसं कळलं नाही? म्हणून येत नव्हतो मी. बोका आपलं निमित्त."

बाळ कुरकुरायला लागलं. लेकीने पुढे होऊन त्याला घेतलं आणि ती आत गेली. दिवसभर ती बोलली नाही. काकांनी संध्याकाळी आपली पिशवी भरून दारापाशी ठेवली. जावयाने ती पाहिली, उचलली आणि परत कपाटात ठेवून दिली. पहिल्यांदाच तो काहीतरी ठामपणे बोलला. "बाबा, चिडली की ती अशी गप्प बसते. कुणावर गेलीय कोण जाणे."

*

इकडे सलूनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला वाचनाचा कार्यक्रम ठरला. सलूनवाल्याने शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांचा आवाज खणखणीत. भांड्यात भात-अंडं कालवून ठेवलं, बोका येऊन बसला. मास्तर खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी बक्षीस समारंभात वाचावं तसं वाचायला सुरुवात केली. "देणे आहे! दोन खोल्यांची जागा! हवा, उजेड भरपूर!"

बोका दचकून दोन पावलं मागे सरला. दाढीला आलेल्या एका गिऱ्हाइकाने पेपर घेतला, तर त्याने भरधाव वाचलं. चार जाहिराती एका दमात. बोक्याने एकदा भांडं हुंगलं आणि तो अंथरुणाकडे वळला.

सलूनवाल्याने मागच्या खोलीत जाऊन काकांना फोन लावला. "काका, नाही जमत. मास्तरांनी वाचलं, दुसऱ्याने वाचलं. ढिम्म हलत नाही."

"तू वाच."

"मी? माझा चष्मा..."

"चष्म्याचं राहू दे रे."

सलूनवाला अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "काका, त्या चष्म्याला नंबर नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून घालून पाहिला होता. म्हणाला, ही तर नुसती काच. मी म्हटलं, नाजूक नंबर आहे, तुला कळणार नाही."

काकांना हसू आलं, कालपासून पहिल्यांदा. "मग आता ऐक. जमिनीवर बस. त्याच्या शेजारी, समोर नाही. बोट लावून वाच. अडलास तर अडलास. त्याला घाई नसते."

"आणि चुकलो तर?"

"तो मास्तर नाही."

सलूनवाला बाहेर आला. मास्तरांना चहाला पाठवलं, दाराचा पडदा ओढला आणि बोक्याशेजारी फरशीवर मांडी घातली. पेपर मांडीवर पसरला, चष्मा सवयीने डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"वि... विक... णे. विकणे आहे. शि... शिला... शिलाई मशीन. चालू... अव... अवस्... थेत."

बोक्याचे कान हलले.

"एका हा... हाताने... वाप... रलेले." सलूनवाल्याने कपाळ पुसलं. "एका हाताने शिलाई मशीन कसं वापरतात रे बोक्या?"

बोक्याने भांड्यात तोंड घातलं.

आता सलूनवाल्याला थांबायची सोय नव्हती. थांबला की बोकाही थांबून वर बघायचा. "खो... ली... भा... भाड्याने," असं करत त्याने सात जाहिराती वाचल्या. सातवी संपली तेव्हा भांडं रिकामं होतं आणि पडद्याआडून मास्तर म्हणाले, "झालं का? चहा कधीच संपला माझा." त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण मोठ्या मनाचा माणूस, पुढे एवढंच म्हणाले, "उद्या जोडाक्षरं आली की आधी अर्धं अक्षर मनात म्हण, मग पूर्ण तोंडाने."

साडेनऊला फोन आला. "काका, खाल्लं! आई शप्पथ, या वेळी खरं." आणि पुरावा म्हणून त्याने रिकाम्या भांड्याचा, बोक्याचा आणि स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्याचा फोटो पाठवला.

काका फोटो बघत असताना लेक मागे येऊन उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते. "हडकलाय तो," ती म्हणाली. मग शेजारी बसली. "बाबा, आईला कुठल्या जाहिराती आवडायच्या?"

"हरवल्या-सापडल्याच्या. एकदा कुणाचा पोपट हरवला होता. सापडला की नाही ते कळेना, तर रोज विचारायची. शेवटी मी खोटंच वाचलं, सापडला म्हणून."

लेकीला हसता हसता परत रडू आलं. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "एक गोष्ट तुला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. हा आजार आईकडून लेकीकडे येऊ शकतो. तुझ्या डोळ्यांतला दाब मोजून घ्यायला हवा. दर वर्षी. मी ते सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो. त्याबद्दल हवं तेवढं बोल मला."

ती बोलली. भरपूर बोलली. मग तोंड धुऊन म्हणाली, "चला, आजच जाऊ."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चौघं गेले. जावयाने अर्धी रजा टाकली. आत लेकीची तपासणी चालू होती तेव्हा काका बाहेर बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होते आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं तिला हलक्या आवाजात सांगत होते, कारण काहीतरी बोलत राहिलं नाही तर जीव थाऱ्यावर राहणार नव्हता. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. दाब ठीक, नस ठीक, कडेचंही स्वच्छ दिसतंय. वर्षातून एकदा येत जा.

काकांनी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच धंद्यातले दिसता."

तीन आठवड्यांसाठी गेलेले काका महिनाभर राहिले. दुपारी बाळ झोपलं की लेक आईचं एकेक विचारायची आणि काका सांगायचे. पुढेपुढे न विचारताही सांगायला लागले. जावई एकदा म्हणाला, "बाबा बोलतात की!"

*

परतीच्या गाडीवर सलूनवाला बोक्याला घेऊन आला होता. काकांनी पिशव्या टाकून हात पसरले. बोक्याने त्यांचे बूट हुंगले, पँट हुंगली, बाळाच्या पावडरीचा वास लागला तिथे जरा रेंगाळला आणि मग सरळ जाऊन सलूनवाल्यामागे, काकांकडे पाठ करून बसला. रुसवा संध्याकाळपर्यंत टिकला. सहा वाजता तो स्वतःच येऊन काकांच्या पावलांवर हनुवटी टाकून झोपला आणि काका पाय बधिर होईपर्यंत हलले नाहीत.

पण त्याच्या दिवसाची घडी बदलली ती बदललीच. सकाळी घरी जेवायचं, काकांचं वाचन ऐकायचं, आणि दहा वाजले की दार ओरबाडायचं. सलूनमध्ये जाऊन खुर्चीच्या पायाशी झोपायचं ते दुपारपर्यंत. काका त्याला सोडायला जायचे आणि स्वतःही बाकावर टेकायचे.

दोन महिन्यांनी लेकीची रजा संपत आली. "बाबा, मी कामावर जायला लागले की तीन महिने तरी या. आणि या वेळी बोक्याला घेऊनच या. गाडीत नेता येतं, मी चौकशी केलीय. डॉक्टरांचा दाखला लागतो फक्त."

काकांनी हे सलूनमध्ये सांगितलं. सलूनवाला एकाची दाढी करत होता. वस्तरा थांबला.

"न्या की," तो म्हणाला. "तुमचाच आहे तो." आणि पुढची दाढी त्याने इतकी गुपचूप केली की गिऱ्हाइकाने डोळे उघडून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

काका बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "मला एकट्याला त्याला गाडीच्या पायऱ्या चढवता येणार नाहीत. पाय दुखावेल त्याचा. तू पोहोचवायला चल."

"मी? इतक्या लांब?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे. बायकोलाही घे."

"तिला कामावरून सुट्टी मिळायची नाही," सलूनवाला म्हणाला. पण बोलता बोलता त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

लेकीच्या शहरात गाडी सकाळी सव्वादहाला पोहोचली. सलूनवाल्याने बोक्याला दोन्ही हातांवर उचलून फलाटावर उतरवलं. मागून काका, चार पिशव्या, भांडं आणि अंथरूण. गर्दीपलीकडे लेक उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. तिने नुसतं बघितलं, हाक मारली नाही.

बोक्याने नाक वर केलं. पट्ट्याला एकदम हिसका बसला. लंगडा पाय विसरून तो माणसांच्या पायांतून निघाला आणि सलूनवाला त्याच्यामागे फरफटत. पिल्लू असल्यापासून पाच वर्षं, मग दोन-तीन धावत्या भेटी, आणि तीन वर्षांपूर्वी, काकू गेल्या तेव्हा, शेवटचे आठ दिवस, एवढीच त्याची-तिची ओळख. तेवढी पुरली. तिच्यासमोर येऊन त्याने सबंध अंग हलवलं, शेपटीपासून कानांपर्यंत, आणि घशातून असा बारीक आवाज काढला जो काकांनीही कधी ऐकला नव्हता.

"बोक्या! थकलास रे किती!" लेकीला दोन्ही हात हवे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सर्वांत जवळ जो माणूस होता त्याच्या, आजवर फक्त दुरून पाहिलेल्या सलूनवाल्याच्या हातात बाळ दिलं, आणि फलाटावर बसकण मारून कुत्र्याच्या गळ्यात पडली.

सलूनवाला जागच्या जागी खिळला. बाळाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"डोकं धर, डोकं," मागून पिशव्या सावरत काका ओरडत येत होते.

"धरलंय काका," तो पुटपुटला. "रोज डोकीच तर धरतो."